नोंद नको, नुसतं नाही म्हण

माझ्या धाकट्या दिराला आमच्या हॉस्पिटलात सगळे नकारघंटा म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्याला ठाऊक आहे. एकदा कुणीतरी त्याच्या खुर्चीच्या पाठीला शाळेतली पितळी घंटा बांधून ठेवली. याने ती सोडली, रुमालाने पुसली आणि कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवून दिली. मी म्हटलं, "अरे, निदान चिडल्याचं नाटक तरी कर, बिचाऱ्यांनी एवढी मेहनत केलीय." तर म्हणतो, "वहिनी, चांगली जड आहे हो." घंटा अजून तिथेच आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा चौदा वर्षांचा होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला अहो-जाहो. त्या वयातही त्याच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली असायची, घरातल्या कोणी त्या कपाटातलं काय घ्यायचं याची. मी आल्यावर आठव्या दिवशी यादीत माझं नाव आलं. पुढे लिहिलं होतं, कात्री आणि डिंक. आमच्या ह्यांच्या नावापुढे नुसती रेघ. हे थोरले भाऊ, पण घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची नाही ही जन्माची खोड. "कपाट मी आणलं आणि बंदी मलाच?" हे ओरडायचे. याचं उत्तर ठरलेलं, "कोणी आणलं त्याचा संबंध नाही, दादा. रेघ आहे."

पुढे तेच त्याचं काम झालं. कॉम्प्युटरवरच्या कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, याचे नियम तो लिहितो. साधी रीत अशी असते म्हणे, की फाइल ज्याची असेल तो ठरवणार ती कोणाला दाखवायची. याच्या पद्धतीत मालकाला विचारतच नाहीत. नियम वर आणि मालक खाली. मशीनचा सर्वेसर्वा म्हणून कोणी आत शिरला तरी नियम त्याला म्हणणार, थांब बाबा, तुझ्या नावापुढे रेघ आहे. एकदा डायरेक्टरसाहेबांना आपल्या केबिनमधून वॉर्डचे रिपोर्ट बघायचे होते. याने त्यांनाही नाही म्हटलं आणि अर्ज करायला लावला. ते नाव तिथूनच पडलं.

लग्नाचंही असंच. आम्ही स्थळं आणून आणून दमलो. "तुझं काय ते एकदाचं सांग तरी," मी म्हणायची. तो म्हणायचा, "माझी पद्धत एकच आहे वहिनी. आधी सगळ्यांना नाही. मग कारण बघून एकेकाला हो." त्याचं नाही म्हणून झालं आणि हो राहूनच गेलं. आता पंचेचाळिशी उलटली. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतो.

मी त्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डची इन्चार्ज. बारा खाटा. त्यातली सहा नंबरची खाट वेगळ्या खोलीत, जाड काचेच्या दाराआड, ज्यांना आवाज सोसत नाही त्यांच्यासाठी. दर खाटेशी एक मॉनिटर आणि माझ्या डेस्कवर एक मोठी स्क्रीन. खाटेजवळचा मॉनिटर सुरू केला की तो नेटवर्कवर हाक देतो, मी आलोय, मी सहा नंबर. डेस्कच्या मशीनमध्ये एक प्रोग्राम कायम कान लावून बसलेला असतो. तो ही हाक ऐकतो, कोण आहे ते ओळखतो आणि यादीत नाव घालतो. मग स्क्रीनवर सहा नंबरची पट्टी येते, आणि पेशंटचं काही बिनसलं तर घंटा डेस्कवर वाजते. त्या प्रोग्रामचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे, आम्ही त्याला हजेरीमास्तर म्हणतो. मॉनिटर लावल्यावर, आणि दर पाळीलाही, डेस्कवर पट्टी दिसते का ते बघायचं आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण करायची, असा वॉर्डचा नियम आहे. हा नियम दिराचा नाही, माझा. मीच लावला.

दिराचा हजेरीमास्तरवर पहिल्यापासून राग. "हा कोणाचीही हाक ऐकतो, वहिनी. तू कोण, कुठला, काही विचारत नाही. उद्या एखाद्या भामट्याने याच्या कानात भलतंच सांगितलं तर हा सगळं मशीन त्याला उघडून देईल. अशाला घरात मोकळं सोडायचं नसतं." म्हणून हजेरीमास्तरला कोंडायचं ठरलं. दोन आठवडे दीर माझ्या डेस्कशेजारी स्टूल टाकून बसला. तो प्रोग्राम काय उघडतो, कुठे लिहितो, कोणाशी बोलतो, सगळं वहीत उतरवलं. त्या दिवसांत त्याचे नियम अडवत नव्हते, अडवलं असतं तर कुठे, तेवढं फक्त लिहीत होते. पेशंटना वाटायचं हा कोणाचातरी नातेवाईक आहे. एका आजीबाईंनी त्याला संत्रं सोलून दिलं आणि विचारलं, "तुझं माणूस कुठल्या खाटेवर?" हा म्हणाला, "मशीनमध्ये." आजींनी उरलेल्या फोडी परत घेतल्या.

मग नियम लागू झाले. हजेरीमास्तरने या एकाच दारावर ऐकायचं, या एकाच यादीत लिहायचं, बाकी सगळ्याला नाही. आणि जिथे नाही म्हटलं तिथे नोंद, अमुक वाजता अमुक मागितलं, दिलं नाही. दीर रोज सकाळी पहिल्यांदा ती नोंद वाचायचा. "नाही म्हणायला अक्कल लागत नाही हो," तो म्हणायचा, "आपण कशाकशाला नाही म्हटलं ते रोज वाचायला लागते." नियमाच्या प्रत्येक ओळीशेजारी तारीख आणि कारण लिहायची त्याची शिस्त. कारणं सुद्धा दोन-दोन वाक्यांची.

गेल्या वर्षी हे गेले. बस डेपोत टायर तपासायला होते. तपासता तपासता खाली बसले ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! जेवते, पण काय जेवले ते विचारलं तर सांगता यायचं नाही. ह्यांची डेपोची निळी जर्सी दारामागे तशीच टांगलेली आहे. आठवण म्हणून ठेवलीय असं शेजारणीला वाटतं. तसं काही नाही, माझा हात तिकडे गेला नाही इतकंच. दिराचंही तेच. दोघं समोरासमोर बसून जेवायचो, पाणी दे, हे घ्या, झालं. हे गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. काहीतरी सांगू बघत होता, भावाचंच असणार. मी म्हटलं, "जे काय असेल ते असू दे. मला सांगू नकोस. घरात बसून काय करणार आहेस, जा कामावर." तो गेला.

असे आठ महिने गेले आणि सहा नंबरला पोस्टमास्तर आले.

बहात्तर वर्षांचे, कधीच निवृत्त झालेले. हृदयाचे ठोके मधूनच चुकायचे म्हणून दोन दिवस नजरेखाली ठेवायचे होते. दुपारी साडेबाराला आले, आणि चादर पायावर घेता घेता मला म्हणाले, "सिस्टर, इथे टपाल कितीला येतं?" मी म्हटलं, "येत नाही." "मग तुमच्या हॉस्पिटलचं काही खरं नाही," ते म्हणाले. मी हसायला हवं होतं. मी मॉनिटर लावला, सुरू केला, काचेचं दार ओढून घेतलं आणि डेस्कवर येऊन रजिस्टर भरलं. जोडीची नर्स जेवायला गेली.

तीन वाजता भेटीच्या वेळेला त्यांची मुलगी आली. तिने दार उघडलं आणि ओरडली. आत मॉनिटर किंचाळत होता. आम्ही धावलो, जे करायचं ते सगळं केलं, माझे हात आपोआप चालत होते. पोस्टमास्तर गेलेले होते. नंतर मॉनिटरच्या आतल्या नोंदीतून निघालं की तो सतरा मिनिटं वाजत होता. ती सतरा मिनिटं मी डेस्कवर बसलेली होते, दहा पावलांवर.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष म्हणून बाहेरून एक वयस्क डॉक्टरीणबाई आल्या, बाकी दोघे आमच्याच हॉस्पिटलातले. मुलीलाही बोलावलं होतं. ती शाळेत गणित शिकवते. रडली नाही, आवाज चढवला नाही. तिने मला एकच विचारलं, "तुम्ही ऐकलं नाहीत, की ऐकून उठला नाहीत?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी सावरून सांगितलं असतं तर त्यांनाही सोपं गेलं असतं. पण मला खरंच माहीत नव्हतं. त्या आठ महिन्यांत कितीदातरी दूध उतू गेलं आणि मी शेगडीसमोर उभी राहून बघत होते. फोन वाजून वाजून थांबायचा, मी शेजारीच बसलेली. मग डेस्कवरची घंटा सतरा मिनिटं वाजली आणि मी तशीच बसून राहिले, असं का नसेल? असेलही. बाकी कोणाचीही खात्री दिली असती, माझी देववेना.

मग दिराला आत बोलावलं. तो लॉगचे, म्हणजे त्या रोजच्या नोंदीचे, कागद घेऊन आला होता. बाईंनी विचारलं, "त्या दुपारी तुमच्या नियमांनी त्या प्रोग्रामला काही अडवलं होतं का?"

"नोंद नाही," तो म्हणाला.

"म्हणजे अडवलं नव्हतं?"

"जे अडवतो ते लिहिलं जातंच. नोंद नाही म्हणजे अडवलेलं नाही."

हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मशीनचा दोष नाही म्हटल्यावर राहिलं कोण? त्याने माझ्यासाठी खोटं बोलायला हवं होतं असं मला वाटलं नाही. मला काहीच वाटलं नाही. मी त्याच्या शर्टाचं वरचं बटण बघत होते, त्याचा दोरा सुटत आला होता.

कागद तयार झाला, कर्तव्यात हलगर्जी. त्यावर सही केली की अठ्ठावीस वर्षांची नोकरी आणि नर्सिंगचा परवाना, दोन्हीला रामराम. मी म्हटलं, द्या इकडे, करते सही. बाईच म्हणाल्या, "आठ दिवस घ्या, विचार करा." विचार कसला करायचा? परवान्याचं मला तेवढं नव्हतं. मला एवढंच कळायला हवं होतं की मी तिथे बसून त्या माणसाला मरू दिलं का. तेवढं एकदा कळलं असतं तर मी कुठेही सही केली असती.

त्या दिवशी जेवताना दीर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला घंटा आठवत नाही, की स्क्रीनच आठवत नाही?"

"काहीच आठवत नाही रे बाबा. आता तू नको उलटतपासणी घेऊस."

"पट्टीचा रंग? सहा नंबरची पट्टी लाल होती का?"

"जेव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो सहा नंबरच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसायला लागला. वॉर्डातल्या मुली मला सांगायच्या, नकारघंटा मॉनिटर बंद करतात, चालू करतात, बाहेर येऊन डेस्कची स्क्रीन बघतात, परत आत जातात. मी रजेवर होते, म्हणजे घरी बसायला सांगितलं होतं. मी म्हटलं, बसू दे, कोणाला त्रास तर देत नाही ना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला आणि चपला न काढता तडक स्वयंपाकघरात आला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. म्हणाला, "तुमची घंटा वाजलीच नव्हती."

मी पोळपाट पुसत होते, तो बाजूला ठेवला. तो उभ्या उभ्याच बोलत होता. सहा नंबरचा मॉनिटर महिन्यापूर्वी नवा आणला होता. तो ओळखायचा तर हजेरीमास्तरला त्याची माहितीची फाइल वाचावी लागते. कंपनीच्या माणसाने ती फाइल ज्या फोल्डरमध्ये ठेवली तिथे हजेरीमास्तरला बंदी होती. बसवायच्या दिवशी नियम तात्पुरते नुसते बघण्यावर ठेवले होते, अडवण्यावर नाही, म्हणून सगळं सुरळीत झालं. माणूस गेल्यावर नियम पुन्हा लागू केले, तरी नाव यादीत आधीच गेलेलं असल्यामुळे पट्टी दिसत राहिली. त्या दिवशी सकाळी आधीचा पेशंट घरी गेला आणि मॉनिटर महिन्यात पहिल्यांदा बंद झाला. दुपारी पोस्टमास्तरांसाठी तो सुरू केला तेव्हा त्याने हाक दिली, हजेरीमास्तरने ऐकली, ओळखायला म्हणून फाइल उघडायला गेला, आणि नियमाने त्याला नाही म्हटलं. म्हणून नाव यादीत गेलं नाही आणि घंटा वाजायचा प्रश्नच आला नाही.

"मग तुझ्या त्या लॉगमध्ये का नाही ते?" मी विचारलं. "जे अडवतो ते लिहिलं जातंच म्हणालास ना?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्याच्या नियमांचं एक पान होतं. एका ओळीवर बोट ठेवलं.

"अशी एक सोय असते," तो म्हणाला. "काही प्रोग्राम उगाचच रोज तेच तेच मागतात, ज्याची त्यांना गरजही नसते. त्या नोंदींनीच लॉग भरतो. म्हणून अशी ओळ लिहिता येते, की नोंद नको, नुसतं नाही म्हण. हजेरीमास्तर पहिल्यापासून त्या फोल्डरमध्ये डोकवायला जायचा. तेव्हा ते रिकामं होतं. दिवसाला दोनशे वेळा तेच. मी ती नोंद बंद केली. अख्ख्या फोल्डरची."

"आणि समितीला सांगितलं नाहीस?"

"विसरलो होतो. आज सगळ्या मूक ओळी उठवल्या तेव्हा लॉगमध्ये धो धो नकार यायला लागले. तेव्हा आठवलं."

मला राग आला. कसा आला ते सांगते, आधी कान तापले. हातात आला तो स्टीलचा पेला मी भिंतीवर मारला. "विसरलास? कोणी कुठली कात्री कधी नेली हे तीस वर्षं लक्षात ठेवणारा तू, आणि हे विसरलास? मेल्या, मी त्या मुलीसमोर माहीत नाही म्हणून आले! रोज झोपताना मी स्वतःला विचारतेय, तू माणूस मारलास का ग, आणि तू शेजारच्या खोलीत घोरतोयस!" खूप बोलले. जे बोलू नये तेही बोलले, यादी, रेघा, न झालेलं लग्न, सगळं काढलं. हे गेल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं आणि तो राग होता. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तो ऐकत होता. माझं झाल्यावर त्याने पेला उचलला, पोचा आला होता तो अंगठ्याने दाबून बघितला आणि पेला जागेवर ठेवला. मग म्हणाला, "तारीख बघा."

मी चष्मा लावला. वरच्या-खालच्या ओळींशेजारी त्याच्या सवयीची लांबलचक कारणं होती. या ओळीशेजारी फक्त एवढंच, "रोज तेच. बघवत नाही." आणि तारीख. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी खाली बसले. मग विचारलं, "त्या दिवशी दारात उभा राहून काय सांगत होतास?"

"काही नाही हो. दादाचा डबा डेपोतून कोणीतरी आणून दिला होता. भरलेलाच होता. त्याचं काय करू, ते विचारायचं होतं."

"मग काय केलंस?"

"ऑफिसला नेला. खाल्ला. मग लॉग वाचायला बसलो."

तो डबा मीच भरला होता. घरात परत कधी दिसला नाही हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं. दीर आत जाताना म्हणाला, "परवा समितीला सगळं सांगतो. तुमच्यावरचं बालंट गेलं, वहिनी." मी हो म्हटलं, आणि तो गेल्यावर तिथेच बसून राहिले, कारण आता मला दुसरंच काहीतरी आठवलं होतं. पट्टी स्क्रीनवर आलीच नव्हती. आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात, सहा नंबरपुढे, दुपारी बारा पंचेचाळीसला, पट्टी दिसते म्हणून माझी खूण होती.

स्क्रीन माझ्या डाव्या हाताला असते. मान वळवायची तेवढीच बाकी होती. ती वळवली असती तर सहा नंबर नाही हे दिसलं असतं, मी कोणालातरी हाक मारली असती, पोस्टमास्तरांच्या खोलीत माणूस बसवला असता. पण आठ महिने मी त्या खुणा अशाच करत होते. बाराच्या बारा, एका दमात. आणि दिराला मेल्या म्हणून पेला फेकून झाला होता.

समितीत दीर सरळ बोलला. काही झाकलं नाही. बाईंनी विचारलं, "ही ओळ तुम्ही गुपचूप काढून टाकली असती तर आम्हाला कळलं असतं का?"

"नसतं कळलं."

"मग का नाही काढलीत?"

"काढायची पद्धत नाही," तो म्हणाला. "खाली आजच्या तारखेने नवीन लिहायची." 

त्याला तिथल्या तिथे कामावरून दूर केलं. पुढे काय ते वरून ठरणार होतं. त्याने मान हलवली आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. मग बाई माझ्याकडे वळल्या. जरा हसल्यासुद्धा. "सिस्टर, तुमच्यावरचा ठपका आम्ही काढतोय. जी घंटा वाजलीच नाही ती तुम्ही ऐकणार कुठून?" त्यांनी माझा तो सही न केलेला कागद उभा फाडला. रजिस्टर टेबलावरच होतं, फायलींच्या खाली. पहिल्या दिवसापासून सगळे मशीनच्या नोंदी चाळत होते, ते कोणी उघडलंच नव्हतं. मला नुसतं गप्प बसायचं होतं. तोंडात मिठाची गुळणी धरायची आणि सोमवारी ड्यूटीवर जायचं.

तेवढ्यात मुलगी खुर्ची सरकवून माझ्याकडे आली. म्हणाली, "मी त्या दिवशी तुम्हाला फार लागेल असं विचारलं. माफ करा मला."

ती माफी काही माझ्याच्याने घेववली नाही. मी फायलींखालून रजिस्टर ओढलं, पान काढलं आणि तिच्यासमोर धरलं. "तुम्ही विचारलं होतं, ऐकलं नाही की ऐकून उठले नाही," मी म्हटलं. "ऐकलं नाही. पण ऐकू येणार आहे की नाही ते बघायचं काम माझं होतं. ते बघितलं म्हणून ही खूण करायची असते. मी बघितलं नव्हतं. न बघता खूण केली."

मागे दिराची खुर्ची वाजली. बाई म्हणाल्या, "सिस्टर, खाली बसा." मी बसले नाही.

मुलीने रजिस्टर आपल्याकडे फिरवून घेतलं. बोट वरून खाली नेलं, एक, दोन, तीन, सहाशी थांबवलं. गणिताची बाई ती, बरोबरच्या खुणा तिने जन्मभर केलेल्या. शेजारच्या रकान्यात वडिलांचं नाव होतं, माझ्याच अक्षरात, ते तिने वाचलं. मग परत खुणेवर आली.

"किती नीट काढलीय," ती म्हणाली. आणि इतके दिवस न रडलेली ती मुलगी तिथे रडायला लागली, आणि मीही.